साहेबांचं आधी होऊ द्या

जालन्यात माजी सैनिकांसाठी एक छोटं रुग्णालय आहे. तिथं तातडीच्या विभागात मी डॉक्टर आहे. मोजक्या खाटा, ईसीजीचं एक मशीन, आळीपाळीनं दोन डॉक्टर आणि बाहेर व्हरांड्यात एक लांबलचक लाकडी बाक, एवढाच आमचा संसार. लोकांना वाटतं, आमच्याकडे सारखे गोळ्या लागलेले जवान येत असतील. तसं काही नाही. ज्यांना गोळ्या लागायच्या त्यांना त्या ऐन उमेदीत लागून गेल्या. आता येतात ते साखर, बीपी, गुडघे, दमा आणि लघवीच्या तक्रारी घेऊन, आणि अधूनमधून छाती धरून. भोकरदनहून येतात, जाफराबादहून येतात, पार शहागडहून येतात. पेन्शनवर आल्यावर कुणी कपाशी-सोयाबीन करतो, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो.

मी स्वतः फौजेतली नाही. वडील शिक्षक, मूळ घर जाफराबादकडचं. वस्तीतले दोघं-तिघं सुट्टीवर आले की त्यांच्या काळ्या ट्रंकेभोवती आम्ही पोरं जमायचो, तेवढाच फौजेशी संबंध. त्यामुळे इथं रुजू झाले तेव्हा पहिले काही आठवडे मला हे लोक फार सभ्य वाटले. भांडण नाही, ढकलाढकली नाही, ‘माझा नंबर होता’ म्हणून ओरडणं नाही. सरकारी दवाखान्यात काही वर्षं काढलेल्या माणसाला ही चैनच वाटते.

मग हळूहळू ध्यानात आलं की ही सभ्यता नसून हुद्दा आहे. बाकाचं दाराकडचं टोक सगळ्यात मोठ्या हुद्द्याचं. तिथून पुढं उतरत्या क्रमानं बाकीचे. कुणी सुभेदार उशिरानं आला तर कुणी काही न बोलता सगळा बाक एकेक जागा खाली सरकतो. ऐंशीच्या घरातला शिपाई साठीतल्या सुभेदाराला उठून जागा देतो, आणि सुभेदार ती घेतो. पेन्शन सुरू होऊन वीस-वीस वर्षं झालेली असतात, पण बाकावर सगळे अजून ड्यूटीवरच असतात.

मी टोकन सुरू केले. त्यांनी ते आपसात बदलून घेतले. मी रागावले, तर सगळे उभे राहिले, ‘जी मॅडम’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या सिस्टर जालन्याच्याच, जुन्या आणि फटकळ. त्या म्हणाल्या, “सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई मॅडम. तुमी कशाला डोकं लावून राह्यल्या?”

दुसरी खोड दुखण्याची. फौजेत सकाळी आजाऱ्यांची हजेरी होते. तिथं खोटं आजारी पडणाऱ्याला शिक्षा होते आणि खरं आजारी पडणाऱ्यावर संशय घेतला जातो, असं हेच लोक हसत सांगतात. त्यामुळे दुखतंय हे कबूल करायला यांच्या जिवावर येतं. दहापैकी किती दुखतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं, दोन. एकदा एक जण निखळलेला खांदा घेऊन आला. हात भलतीकडेच लोंबत होता. म्हणाला, “दोन, मॅडम. फार तर अडीच.” तेव्हापासून मी सोबत बायको असेल तर तिला विचारते. तिचा आकडा बरोबर असतो.

या दोन खोडी एकत्र आल्या की काय होतं ते मला एका थंडीतल्या सकाळी कळलं.

दाराकडच्या टोकाला भोकरदन तालुक्यातले एक सुभेदार बसले होते. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं कुठंतरी त्यांचं गाव. मोठी शेती, स्वतःची जीप, पांढऱ्या मिशा, आवाज असा की व्हरांड्यात बोलले तरी आत औषधं मोजणाऱ्याचा हिशोब चुकावा. माणूस दिलदार. येताना आमच्यासाठी कधी तुरीच्या शेंगा, कधी हरभऱ्याचे डहाळे आणायचे. त्यांना मी आत घेतलं. बीपी पाहिलं, साखरेचा कागद पाहिला, मग गुडघा. गुडघ्याची कहाणी बर्फातल्या कुठल्याशा चौकीपासून सुरू व्हायची, आणि ती मधेच तोडलेली त्यांना आवडायची नाही. मी मान हलवत गुडघा वाकवून बघत होते, तेवढ्यात सिस्टर आत आल्या.

“मॅडम, बाहेर चला. बाकावरचा तो शेवटचा माणूस स्वेटर काढून बसलाय, अन् बनियन भिजलंय.”

बाहेर इतकी थंडी होती की लोक कानाला मफलर बांधून बसले होते. बाकाच्या खालच्या टोकाला एक सडपातळ माणूस होता, साठीच्या आसपासचा. चेहरा राखेसारखा झालेला. मी समोर गेले तर तो उठून सावधान उभा राहिला. मी म्हटलं, बसा. बसेना.

“काय होतंय?”

“काय न्हाई मॅडम. थोडं जड वाटून राह्यलंय छातीत. साहेबांचं आधी होऊ द्या.”

“कधीपासून?”

“घरून निघायच्या आधीपासून. पहाटंच्या पारी जरा जास्त होतं.”

शेजारच्यानं सांगितलं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस सकाळी सगळ्यांच्या आधी आला होता. दार उघडायच्या आधी. मग एकेक हुद्दा येत गेला आणि हा खाली सरकत गेला. सुभेदार तर अगदी शेवटी आले होते. दोघं एकाच पलटणीतले, एकाच गावचे. हा नायक या खालच्या हुद्द्यावरून पेन्शनवर आलेला. सुभेदार त्याच्यासमोरून दाराकडे गेले, तेव्हा यानं सलाम ठोकला, त्यांनी घेतला आणि ते आत आले.

आम्ही त्याला धरून आत नेलं. पण खाटेवर आडवा होईना. समोर स्टुलावर सुभेदार बसलेले, एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली. साहेबांसमोर झोपायचं कसं? मी दोनदा सांगितलं, सिस्टर ओरडल्या. तो आपला खाटेच्या कडेला टेकून, पाठ ताठ. शेवटी मी सुभेदारांना म्हटलं, “तुम्हीच सांगा त्यांना.”

सुभेदार उठले. तो घरगुती, गप्पिष्ट आवाज कुठं गेला कोण जाणे. “नायक, लेट जाओ.”

तो त्याच क्षणी आडवा झाला. मला हायसं वाटलं आणि तेवढीच चीडही आली. पण ते चिडण्याचं काम नंतरचं होतं.

ईसीजी निघाला. मोठा झटका होता, अजून चालूच. गोळ्या चघळायला दिल्या, सलाईनची सुई लावली, रुग्णवाहिका तयार ठेवायला सांगितलं. हृदयाची नळी फुग्यानं उघडायची सोय छत्रपती संभाजीनगरला, इथून तासाभरापेक्षा जास्तच. तोवर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथंच देता येतं, आणि आधीच उशीर झालेला असताना ते द्यायलाच हवं होतं. पण त्या इंजेक्शनचा एक धोका असतो. फार थोड्यांना, पण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि मग लकवा किंवा मृत्यू. हे पेशंटला सांगावं लागतं, आणि हो किंवा नाही त्यानंच म्हणायचं असतं.

मी सांगितलं. त्यानं नीट ऐकलं आणि माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. “साहेब म्हणतील तसं.”

“द्या द्या मॅडम, जल्दी द्या,” सुभेदार म्हणाले.

“मी यांना विचारलंय,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “तुम्ही जरा बाहेर थांबा.”

सुभेदार एका पायाची पँट वर तशीच ठेवून बाहेर गेले. सिस्टरांनी दार लोटून घेतलं. मग तो माणूस पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

“मॅडम, ते इंजेक्शन नगं. गोळ्या द्या फक्त. मला दुपारून घरी पोचायचंय.”

मी म्हटलं, आज तुम्ही घरी गेलात तर वाचाल याची काही खात्री नाही. ते त्याला कळलं होतं. त्यानं मान हलवली. मग हळूहळू, दम घेत घेत, त्यानं सांगितलं. बायको तीन वर्षांपासून खाटेवर होती. अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेल्यासारखीच. तिची अंघोळ, वेणी, जेवण, कपडे, सगळं हाच करत होता. पाठीला जखम होऊ नये म्हणून थोड्या थोड्या वेळानं कूस बदलावी लागते. आज पहाटे छातीत दुखत असताना यानं तिचं सगळं आवरलं, शेजारच्या म्हातारीला तिच्याजवळ बसवलं आणि भाड्याच्या भरगच्च जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन हा भोकरदनला आला. तिथून एसटी धरली. म्हातारी पाणी पाजू शकते, कूस काही तिच्यानं बदलवत नाही.

“मी मेलो तर पोरगी घेऊन जाईल तिला पुण्याला. तसं म्हणली हाय ती,” तो म्हणाला. “पन मलाबी तसंच झालं तर? लकवा? दोघं दोन खाटंवर. पोरगी किती जणांचं करनार मॅडम?”

मी काही वर्षं हे काम करते आहे. मृत्यूला घाबरून उपचार नाकारणारे मी पाहिलेत, पैशापायी नाकारणारेही. मेलेलं परवडेल पण जगलेलं परवडणार नाही, असा हिशोब इतक्या शांतपणे मांडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.  सिस्टर तोंड फिरवून उगाच ट्रेमधल्या सुया लावू लागल्या.

“गावात दुसरं कुणी नाही? सुभेदारसाहेब तुमच्याच गावचे ना?”

“त्यांना माहीत न्हाई.”

“तीन वर्षांत?”

“ते आमच्या वस्तीत येत न्हाईत मॅडम,” तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. गावाला एसटी येत नाही, असं सांगावं तसं सांगितलं. “पलटनीत होतो तव्हा एका लंगरात जेवलो, एका तंबूत झोपलो. गावात गाव असतं.”

आमचं जाफराबादकडचं घरही अशाच एका वस्तीतलं. मला कुठली वस्ती म्हणून विचारायची गरज नव्हती.

मग त्यानं माझा हात धरला. पकड ढिली होती. “एक करा. साहेबांना आत बोलवू नका. त्यांनी घ्या म्हनलं तर मला न्हाई म्हनता येनार न्हाई.”

आता खरी पंचाईत माझी होती. उपाय माझ्या हातात होता, दाराच्या पलीकडे उभा होता. सुभेदारांना आत बोलवायचं, त्यांनी एक शब्द टाकायचा, आणि या माणसानं मान डोलवायची. इंजेक्शन जाईल, गुठळी विरघळेल, बहुतेक तो वाचेलही. पण त्या होकाराला मी होकार म्हणू शकले नसते. या माणसानं आयुष्यभर हुकूम पाळला होता, आणि नाही म्हणायची वेळ त्याच्यावर आली होती ती बायकोसाठी. ते ‘नाही’ मी हुद्द्याखाली चिरडायचं? दुसरीकडे मशीनवर रेघ वर उचललेली दिसत होती, आणि माझ्याकडे वादविवादाला वेळ नव्हता.

मी त्याला विचारलं, “बाईंची सोय झाली, आजची आणि पुढचीही, तर घ्याल इंजेक्शन?”

त्यानं छताकडे बघत विचारलं, “कोन करनार?”

“ते मी बघते. साहेब हुकूम देणार नाहीत, हा माझा शब्द. पण त्यांना तुमच्या घरचं सांगायची परवानगी द्या.”

त्यानं डोळे मिटले आणि मान हलवली.

मी बाहेर गेले. सुभेदार भिंतीला पाठ लावून उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि गोड शब्दांत सांगितलं नाही. हा माणूस तुमच्या आधी आला होता, तुमच्यासाठी खाली सरकला, हेही सांगितलं. घरी बायको तीन वर्षं पडून आहे, हे सांगितलं.  मी म्हटलं, “आत जाऊन हुकूम द्यायचा नाही. मला हुकूम नकोय. तिच्याकडे कोण जाणार, ते हवंय.”

“मी त्याच्या घरी कधी गेलो न्हाई मॅडम,” ते म्हणाले.

“ते मला कळलं.”

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. हरभऱ्याचे डहाळे आणणारा, वॉर्डबॉयच्या पोरीच्या लग्नाला जातीनं हजर राहणारा माणूस. त्यांनी वर केलेली पँट खाली केली, टाचेपर्यंत नीट ओढली आणि आत गेले. मी मागोमाग.

नायक उठायला लागला. सिस्टरांनी त्याला खांद्याला धरून दाबून ठेवलं.

सुभेदार खाटेजवळ उभे राहिले.  मग म्हणाले, “वहिनीला कुशीवर कसं करायचं ते सांग मला. मी अन् मंडळी, दोघं जातो.”

“साहेब, तुमी कशाला...”

“सांग.”

तो सांगू लागला. दम लागत होता, तरी एक गोष्ट गाळली नाही. “आधी सांगायचं तिला. तिला कळतं सगळं, बोलता तेवढं येत न्हाई. न सांगता हात लावला की भेती.”

“आधी सांगायचं,” सुभेदार म्हणाले.

“डावा हात गेलेला हाय. तो पोटावर घ्यायचा, न्हाई तर खाली दबतो. मंग गुडघा उभा करायचा.”

“डावा हात पोटावर. गुडघा उभा.”

“खांद्याला अन् कमरंला, दोन्हीकडं एकाच टायमाला. वढायचं न्हाई. पाठीला उशी लावायची.”

“खांदा अन् कमर एकदम. वढायचं न्हाई. पाठीला उशी.”

फौजेत हुकूम ऐकणारा हुकूम परत म्हणून दाखवतो, म्हणजे देणाऱ्याची खात्री पटते. हे मला सिस्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की सुभेदार टाचा जुळवून उभे आहेत आणि नायक झोपून सांगतो आहे. पाणी चमच्यानंच पाजायचं, मान वर करून. दुपारी रेडिओ लावायचा. साहेबांनी तेही परत म्हणून दाखवलं.

मग मी पुढं झाले आणि पुन्हा विचारलं. म्हटलं, “साहेबांकडे बघू नका. माझ्याकडे बघून सांगा.”

“तुमच्याकडंच बघून राह्यलो मॅडम,” तो म्हणाला. “द्या आता.”

मी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं रेघ खाली यायला लागली, चेहऱ्यावर जरा रंग आला. दुखणं किती, विचारलं तर म्हणाला, दोन. सिस्टर म्हणाल्या, “झालं, हे आपलं ठरलेलं.” रुग्णवाहिकेत दुसरे डॉक्टर त्याच्यासोबत गेले. सुभेदार त्याच्या आधी निघाले होते, जीप घेऊन, भोकरदनच्या रस्त्याला.

रक्तस्राव झाला नाही. संभाजीनगरला त्याच्या नळीत स्टेंट टाकला. हृदयाचा काही भाग मात्र गेला तो गेलाच. सकाळी आल्या आल्या आत आला असता तर बराचसा वाचला असता. आता तो चार पावलं चालला की थांबतो, पण चालतो. पोरगी पुण्याहून येऊन राहिली, तोवर आठवडाभर सुभेदार आणि त्यांची मंडळी जात होती. बाक सुधारला का म्हणाल, तर नाही. मी आता आत बसून वाट बघत नाही. दार उघडलं की आधी व्हरांड्यात जाते आणि खालच्या टोकापासून सुरुवात करते. वरच्या टोकाच्या सुभेदारांना ते आवडत नाही. न आवडो.

पंधरवड्यानं सुभेदार गुडघा दाखवायला आले. स्टुलावर बसले, पँट वर केली, पण चौकीची कहाणी काही सुरू होईना. मीच विचारलं, पहिल्या दिवशी जमलं का?

“जमलं,” ते म्हणाले. “दारातून आवाज दिला आधी. वहिनी, मी हाय, तुमाला कुशीवर करायला आलोय. मंगच आत गेलो.” मग म्हणाले, “तिनं मला बघितलं अन् तो एक चांगला हात वर नेऊ लागली. मला कळंना काय पायजे. पानी विचारलं, उशी विचारली. मंग मंडळी म्हणली, अहो, त्या पदर घेऊन राह्यल्या डोक्यावर. तुमी आलात म्हणून.”

मी गुडघा बघत होते. सूज थोडी वाढली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, “लांब पडत असेल ना जाणं-येणं? दिवसातून इतक्या वेळा, हा गुडघा घेऊन?”

 सुभेदारांनी पँट खाली केली, टाचेपर्यंत ओढली.

“आमच्या ओट्यावरून दिसतं मॅडम त्याचं घर.”